तेवढी ‘ईश्वरेच्छा’ काढा

माझा फ्लेक्स छपाईचा धंदा. लग्न, वाढदिवस, निवडणूक आणि मयत. पहिल्या तिन्हींत गिऱ्हाईक शंभर चुका काढतं, मयताच्या बोर्डात एकही काढत नाही. घरातलं कुणीतरी पोरगं मोबाईलमध्ये फोटो घेऊन येतं, बहुतेक वेळा कुठल्यातरी लग्नातला, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात असलेला. तो हात आम्ही खोडतो, मागं निळं आभाळ नाहीतर समई टाकतो. खालचा मजकूर कॉम्प्युटरमध्ये तयारच असतो. ‘ईश्वरेच्छेपुढे कुणाचाही इलाज चालत नाही.’ ‘परमेश्वर कुटुंबीयांना या दुःखातून सावरण्याचे बळ देवो.’ नाव बदलायचं, तारीख बदलायची, प्रिंटला सोडायचं.

मागच्या महिन्यात एक बाप आला. पोरीचा बोर्ड होता. पोरगी दुसरीत. त्यानं स्क्रीनवर नाव वाचलं, तारखा दोनदा वाचल्या आणि म्हणाला, “तेवढी ईश्वरेच्छा काढा.” काढली. खालची ‘बळ देवो’ राहू देऊ का विचारलं, तर म्हणाला, “तीबी काढा.” मग खाली जागा मोकळी दिसायला लागली. तिथं काय टाकायचं? तो खुर्चीत बसून राहिला, मध्ये दोन गिऱ्हाईकं येऊन गेली, मग म्हणाला, “लिहा, आम्हाला करमत नाही.” तेवढंच छापलं.

हे मी संध्याकाळी कट्ट्यावर सांगितलं आणि तिथून जे पेटलं ते बरेच दिवस विझलं नाही.

आमचा कट्टा म्हणजे लातूरच्या गंजगोलाईतून जे सोळा रस्ते फुटतात त्यातल्या एकावरचा, बंद पडलेल्या कापडदुकानाचा ओटा. समोर चहाची टपरी. बसणारे ठरलेले. सर म्हणजे रिटायर्ड मराठीचे शिक्षक, गळ्यात माळ, आषाढीला पंढरपूर चुकत नाही. कॉम्रेड मेडिकल चालवतो, अंनिसच्या म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यक्रमांना जातो, देव मानत नाही आणि ते दिवसातून चारदा सांगतो. मिस्त्री बांधकामाचे ठेकेदार, वयानं सरांच्या खालोखाल, पाच वेळचे नमाजी. बापू एसटीत कंडक्टर, किल्लारीच्या पट्ट्यातला. गाव सांगत नाही, कारण ते गाव आता त्या जागेवर नाही.

सर आधी माझ्यावरच घसरले. “चूक केलीस. त्या माणसाला आज राग आहे, उद्या तो उतरेल. मग आधाराला काय उरलं? तीच एक ओळ होती.”

“आधार?” कॉम्रेड म्हणाला. “सर, आरोप आहे तो. सात वर्षांची पोर मारायची इच्छा माणसाला झाली तर आपण खुनाचं कलम लावतो. देवाला झाली की फ्लेक्स लावतो.”

मिस्त्रींनी कानाला हात लावले. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. सरांनी कप खाली ठेवला की समजायचं, आता तुकोबा येणार.

“दुःखात देव नसतो, हे कुणी मला शिकवू नये,” सर म्हणाले. “देहूला पिढीजात महाजनकी, वाण्याचा धंदा, सावकारी. १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ, दख्खन आणि गुजरात दोन्ही उजाड झाले. ढोरं गेली, दिवाळं निघालं, थोरली बायको रखमाबाई गेली, मुलगा गेला. आणि त्यावर तो माणूस काय म्हणतो? बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली. दुष्काळ पडला नसता तर देहूत एक बरा सावकार झाला असता, तुकाराम झाला नसता. घरातली कर्जखतं काढली, धाकट्या भावाची, कान्होबाची वाटणी त्याच्या हातात दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. हे बळ कुठून आलं?”

“कर्जखतं बुडवली त्याला माझा सलाम,” कॉम्रेड म्हणाला. “असा सावकार आज मला एक दाखवा. पण सर, दुष्काळ तुकोबांना बरा झाला. रखमाबाईंना विचारलं का कुणी? ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ हेही तुकोबांनीच लिहिलंय. तिला काय भेटलं त्या दुष्काळात, देव? तिचा अभंग कुठंय?”

ओट्यावर कुणी बोललं नाही. टपरीवाल्याचं पोरगं कप गोळा करत होतं, तेही थांबलं. (त्याला वादात रस नसतो, शांतता झाली की आम्ही उठतो आणि पैसे मागायची वेळ होते, एवढं त्याला माहीत आहे.)

कॉम्रेड आता थांबायच्या मूडमध्ये नव्हता. “आणि एक दुसरा आहे गाथेत. बाईल मेली मुक्त जाली, देवें माया सोडविली. पुढं पोर मेलं तेही बरंच झालं म्हणतात. हा त्या बापाच्या बोर्डावर छापायचा का?”

सरांना हा अभंग माहीत नसेल असं कॉम्रेडला वाटलं असावं. सरांना तो पाठ आहे. पण ते म्हणाले, “तीस वर्षं शिकवलं, पण हा मी वर्गात कधी घेतला नाही. पोरांना काय सांगायचं तेच मला कळलं नाही. वैराग्य म्हणून सांगतात कीर्तनात. मला ते वैराग्य वाटत नाही.”

मला वाटतं सरांचं बरोबर आहे. मयताचे बोर्ड करताना माझ्यासमोर लोक काय काय बोलतात. “सुटली बिचारी,” म्हणतात, “बरं झालं, लई हाल चालले होते,” म्हणतात, आणि म्हणता म्हणता पाकिटातून पैसे काढायचे विसरतात. तसं दात आवळून बोललेलं असावं ते. कीर्तनात ते टाळ-मृदंगावर येतं आणि दात आवळलेले दिसत नाहीत.

“मग हेही ऐक,” सर कॉम्रेडकडे वळले. “तू निवडून निवडून दोन आणलेस, तिसरा मी देतो. माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल. हे कुणाचं?”

“कुणाचं?”

“तुकोबांचं. माझ्यापुरता देव मेला, ज्याचा असेल त्याचा असो. त्याचं नाव घेणार नाही, त्याच्या गोष्टी करणार नाही. तुमच्या अंनिसच्या कॅलेंडरवर छापा.”

कॉम्रेडनं मोबाईल काढला, शोधलं, वाचलं आणि खिशात ठेवून दिला. हा डाव सरांचा.

मग सरांना जोर चढला. नामदेव देवाच्या दारात जाऊन म्हणतात, पतितपावन नाव ऐकून आलो होतो, तू तसा नाहीस, निघालो परत. जनाबाई तर ‘अरे विठ्या अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ इथून सुरू करते, आणि तिची पुढची ओळ सर कट्ट्यावरसुद्धा आवाज खाली करून म्हणतात. सरांचं म्हणणं असं की आपल्याकडे दुःखातली भक्ती म्हणजे हात जोडून मुकाट बसणं हे अलीकडचं खूळ आहे, फ्लेक्सवाल्यांनी आणलेलं. (माझ्याकडे बघून.) संतांनी देवाला दुःखाचा जाब विचारला, नावं ठेवली, अबोला धरला. “जो समोर नाही त्याच्याशी कुणी भांडतं का?”

“भांडतं,” कॉम्रेड म्हणाला. “मी टीव्हीशी रोज भांडतो.”

हसलो सगळे. पण सरांचा मुद्दा मला पटला होता आणि अजूनही पटतो, तेवढाच कॉम्रेडचाही.

मागच्या जन्मीच्या पापांचा विषय कुणीतरी काढला, तो दोन मिनिटांत संपला. त्यावर सर आणि कॉम्रेड यांचं एकमत आहे. मरण पावलेल्या पोरीच्या घरात जाऊन जो पूर्वसंचित सांगतो त्याला चहासुद्धा देऊ नये, हे सरांचे शब्द. आणि त्याच ओघात ते चोखोबांवर आले.

“चोखोबांना हेच सांगितलं गेलं ना? तुझ्या जन्माचं हे फळ आहे. महाद्वाराच्या आत पाऊल नाही, वर बडव्यांचा मार. धांव घालीं विठू आतां चालूं नको मंद, असं त्यांनी ओरडून सांगितलं. लवकर ये, असा रमतगमत येऊ नको. आणि शेवट कसा झाला? मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधायला वेठीला धरून नेलं, भिंत कोसळली, मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली गेले. देवानं भिंत काही धरून ठेवली नाही. पुढं नामदेव गेले, दगडांखालची हाडं उचलून कानाला लावत गेले, ज्या हाडातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ते चोखोबाचं. ती हाडं आणून महाद्वारासमोर समाधी केली. आजही प्रत्येक वारकरी आधी तिथं वाकतो.”

बापू इतका वेळ तिकिटाच्या मशीनचं कव्हर साफ करत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “आम्ही हाडांवरून न्हाई ओळखलं. बांगड्यांवरून ओळखलं.”

हे त्यानं आजवर कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं एकत्र बसतो, पण भूकंपाचा विषय निघाला की बापू पान खायला उठतो. त्या दिवशी उठला नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मिळून बावन्न गावं भुईसपाट झाली. मेलेल्यांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरातला, लोक त्याहून जास्त सांगतात. त्याआधीचा दिवस अनंत चतुर्दशीचा. गावोगावी विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. बापू तेव्हा सहावीत. गणपती तेरणेत सोडून पोरं परत आली आणि रिकाम्या मंडपातच आडवी झाली, कारण घरी गेलं की उशीर का झाला म्हणून बोलणी खावी लागणार होती. आई, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ घरात. वडील शेतात राखणीला.

“मंडपातली सगळी पोरं वाचली,” बापू म्हणाला. “तवापासून जो भेटतो तो म्हणतो, बाप्पानं तुला वाचवलं रं. आजी म्हणायची, मामा म्हणायचे, परवा बायकोच्या मावशीनंबी म्हणलं. मी हाव म्हणतो. पण बाप्पानं मला मंडपात झोपवलं, मग ताईला घरात कुणी झोपवलं? ती रोज आरतीला यायची. मी प्रसादाला जायचो.”

मला या सगळ्या वादात एवढं एकच वाक्य ठोस वाटलं. वाचलेल्या माणसाला ‘देवानं वाचवलं’ म्हणताना आपण न वाचलेल्याबद्दलही काहीतरी बोलून बसतो, आणि ऐकणाऱ्याला ते दुसरं आधी ऐकू येतं.

मिस्त्री तेव्हा उस्तादाच्या हाताखाली शिकत होते. नंतर नव्या गावांच्या बांधकामावर त्यांनी बरंच काम केलं. ते म्हणाले, “बापू, तुला ताडपत्रीनं वाचवलं. ताडपत्री आन् चार बांबू डोक्यावर पडले तर कोण मरतं? मारलं ते माळवदानं, मातीच्या छतानं.” आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्यातल्या कुणालाही नीट माहीत नव्हतं. जुनी घरं दगडाची, भिंती दोन-तीन फूट जाड, पण दगड सांधलेले मातीत. भिंतीची आतली बाजू वेगळी रचलेली, बाहेरची वेगळी, मध्ये भर, आणि आतून बाहेरपर्यंत आरपार जाणारा दगड जवळजवळ नाहीच. वर लाकडी तुळयांवर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार. पण पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर आणखी माती टाकायची, दर वर्षी, बापजाद्यांपासून. “डोक्यावर किती वजन वाढायलंय ते कुणीच मोजलं न्हाई. हलल्याबरोबर भिंतीच्या दोन्ही बाजू सुटल्या आन् माळवद खाली आलं. आम्ही नव्या घरांना पायाला, दारं-खिडक्यांच्या वर लिंटलला, वर छताला काँक्रीटचे पट्टे टाकले. पट्टा असला की भिंत फुटते पण उलगडत न्हाई.”

“झालं,” कॉम्रेड म्हणाला. “देवाचं नाव घ्यायची गरज आहे का यात? ६.२ चा भूकंप. त्याच आकड्याला जपानमध्ये माणसं टेबलाखाली बसतात आणि उठून कामाला लागतात. आपल्या नकाशावर हा पट्टा सगळ्यात सुरक्षित धरलेला होता. आदल्या वर्षी, १९९२ ला, किल्लारीला धक्क्यांची रांग लागली होती, लोक घाबरून बाहेर झोपत होते. त्याचं पुढं काय झालं?”

“मग आम्ही काय करायचं होतं?” बापू थोडा चिडला. “माळवद आमच्या आज्यानं बांधलं. आज्यानं मारलं म्हणू का?”

कॉम्रेड गप्प. कारण सांगितल्यानं दुःखाचं काही होत नाही हे त्यालाही कळतं, तो फक्त कबूल करत नाही. मात्र मिस्त्रींचं सांगणं वाया गेलं असंही नाही. बापूनं हळूच विचारलं, हल्लीच्या त्याच्या घराला लिंटल पट्टा आहे का ते कसं बघायचं. मिस्त्री म्हणाले, रविवारी येतो.

सरांनी नेहमीची गोष्ट काढली. देव कुठं होता विचारता, तर कुठून कुठून ट्रक भरून भाकरी आल्या, अनोळखी माणसांनी ढिगारे उपसले, भारतीय जैन संघटनेनं बाराशेच्या आसपास लेकरं शिकायला पुण्याला नेली, तिथं बघा. कॉम्रेड म्हणाला, भाकरी बायकांनी थापल्या, श्रेय देवाला का? सर म्हणाले, तुकोबांनीच पत्ता देऊन ठेवलाय, रंजल्यागांजल्याला जो आपलं म्हणतो, देव तेथेचि जाणावा. कॉम्रेड म्हणाला, देवाचा पत्ता बदलून माणसाच्या घरचा केला असेल तर माझी हरकत नाही. हा वाद आमचा दर गणपतीत होतो आणि दरवेळी इथंच येऊन संपतो, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

मिस्त्रींचं वेगळं होतं. जनाबाईच्या शिव्यांपासून ते अस्वस्थ होते. “आमच्यात मालकाला असं बोलत न्हाईत, सर. सब्र करायचा. हजरत अय्यूबांचं सगळं गेलं, माल गेला, औलाद गेली, अंगाला रोग लागला, त्यांनी सब्र केला.”

“मग रडायचंही नाही?” कॉम्रेड.

“कोण म्हणलं? पैगंबरसाहेबांचा मुलगा इब्राहीम लहानपणीच गेला, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हजरत याकूब तर यूसुफसाठी इतकं रडले की डोळे पांढरे पडले, कुराणात आहे. घरचे म्हणाले, किती रडता, मरून जाल. तर ते म्हणाले, माझं दुःख मी फक्त अल्लाहकडं मांडतो. त्याच्याकडं गाऱ्हाणं करायला मनाई न्हाई. त्याचं गाऱ्हाणं दुसऱ्याकडं करायचं न्हाई.”

सर एकदम म्हणाले, “हे मला लिहून द्या.” मिस्त्री लाजले.

कॉम्रेडनं मग त्याच्या दुकानातली गोष्ट सांगितली. एक शेतकरी बाई नवऱ्याच्या औषधाच्या चिठ्ठ्यांची चवड घेऊन आली. कॅन्सर, हाडापर्यंत गेलेला. डॉक्टरनं मॉर्फिन लिहिलेलं. कॉम्रेडकडे नव्हतं, शेजारच्याकडे नव्हतं. अफू पिकते आपल्याच देशात, मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरच्या शेतांत. पण १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिन असं जखडलं की ठेवायलाच नको म्हणून सगळे मोकळे झाले. २०१४ मध्ये कायदा सैल केला, तरी लहान गावात ती गोळी सहज हाताला लागत नाही. “ती बाई म्हणाली, रात्रभर ते देवाचं नाव घेऊन ओरडत असतात. आता सांगा सर, ते नामस्मरण म्हणायचं का? दुखण्यात देव भेटतो असं म्हणणाऱ्याला माझं एकच विचारणं आहे, मग गोळी मागायची का नाही?”

“मागायची,” सर लगेच म्हणाले. “आधी गोळी. गोळी नसेल तर तुमच्या त्या कायद्यावाल्यांच्या दारात बसायचं. दुःख पाहिजे म्हणून देवाकडं मागितलं एका कुंतीनं, भागवतात. कृष्णा, संकटं येत राहोत, म्हणजे तू दिसत राहशील. पण ती स्वतःसाठी मागत होती. दुसऱ्याच्या नवऱ्यासाठी न्हाई.”

इथं मला माझं उत्तर मिळालं. तुकोबा ‘बरें जालें’ म्हणतात ते आपल्या दिवाळ्याबद्दल. कुंती मागते ती आपल्या वाट्याला. ज्याचं दुखतं त्यानं म्हणावं की या दुखण्यात मला देव दिसला, आणि ते आपण मान खाली घालून ऐकावं. त्याच्यावर कॉम्रेडनंही वाद घालू नये. पण तेच वाक्य बाहेरच्यानं त्याच्या घरात नेऊन ठेवलं की ते क्रूर होतं, मग ठेवणारा कीर्तनकार असो, मावशी असो, नाहीतर माझा कॉम्प्युटर. मी मजकुराच्या फाईलमधली ती ओळ काढून टाकली. त्यानंतर आठवडाभरात एकजण आईच्या बोर्डासाठी आला, म्हातारी नव्वदीची, आणि म्हणाला, ‘ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही’ असं मोठ्या अक्षरात पाहिजे, आई तसंच म्हणायची. हातानं टाईप करून दिलं. मोठ्या अक्षरात.

सरांना हे पूर्ण मान्य नाही. ते म्हणतात, दुःखात बुडालेल्या माणसाला शब्द सुचत नाहीत, म्हणूनच परंपरेनं तयार शब्द ठेवलेत, तेही काढून घेतले तर तो मुका होईल. मी म्हणालो, त्या बापाला सुचले की. सर म्हणाले, एकाला सुचले. त्यात तथ्य आहे, नाही असं नाही.

“तुमचे वडील काय म्हणायचे?” मिस्त्रींनी बापूला विचारलं.

बापू हसला. “दादा? दादांनी पुढच्या वर्षी गणपती आणला.”

पत्र्याच्या शेडात राहत होते तेव्हा. दगडाच्या घरात पाय ठेवायला कुणी तयार नव्हतं. दादांनी लहानशी मूर्ती आणली, पत्र्याच्या डब्यावर ठेवली. बापू भडकला. ज्यानं आई नेली, ताई नेली, बारक्याला नेलं, त्याला मोदक? तो म्हणाला, मी फोडणार. दादा म्हणाले, “फोड. पण मग मी बोलू कुणाला?” आणि मोदक नव्हतेच, करणार कोण? गूळ-खोबरं ठेवलं होतं.

“आरती न्हाई, काही न्हाई. रोज रातच्याला जेवण झालं की समोर बसायचे आन् त्याला बोलायचे. एक दिवस डाळीत मीठ जास्त पडलं, दादांनीच केली होती. तर त्याला म्हणले, बघ, खा आता खारट, तुझ्यामुळं खायाला लागतंय. दुसऱ्या दिवशी म्हणले, पोराची चड्डी फाटलीय, तिला सुई कुठं ठेवली होती विचारून सांग. असं पाच दिवस. पाचव्या दिवशी नेऊन सोडला. चतुर्दशीपर्यंत ठेवला न्हाई. आमच्या घरी अजून पाचव्याच दिवशी जातो.”

“हे जनाबाईच्या बरोबरीचं आहे,” सर म्हणाले. त्यांचा आवाज भरला होता.

“सर, लगेच अभंग करू नका त्याचा,” कॉम्रेड म्हणाला. “माणूस एकटा पडला होता, कुणाशी तरी बोलायचं होतं. हे मन मोकळं करणं झालं. समोर मूर्तीच्या जागी कपाट असतं तरी चाललं असतं.”

“कपाट हुतं की,” बापू म्हणाला. “मदतीत आलेलं, लोखंडी. त्याला न्हाई बोलले कधी.”

“म्हणजे देव होता तिथं, असं म्हणणं आहे तुझं?”

“मला काय म्हाईत? ते दादांना विचाराय पायजे हुतं, ते आता न्हाईत. मी एवढंच बघितलं, शिव्या देताना ते इकडंतिकडं बघत नव्हते. सरळ त्याच्याकडं बघायचे.”

“पण ते सिद्ध काय करतं?” कॉम्रेड.

“काही सिद्ध करत नाही, कॉम्रेड, खाली बस,” मिस्त्री म्हणाले.

“मी बसूनच आहे. माझा मुद्दा एवढाच की...”

“तुमचं चालू द्या,” बापू उठला, मशीन कव्हरात घातली. “साडेनऊची निलंगा आहे मला. आन् मिस्त्री, रविवारी सकाळच्याला या, दुपारनं ड्युटी लागायलीय.”